सुका आवाज, ओला आवाज

गाणं चुकलं तर डिलीट मारता येतं. माणसं बोलून जातात ते मात्र साठत राहतं. मी सातवी शिकलेली, लिहून ठेवायची सवय नाही, म्हणून डोक्यातच साठलं.

अंबरनाथ पूर्वेला एका स्टुडिओत दीड वर्ष मी केबल गुंडाळतेय. आमच्याकडे हळदीची गाणी रेकॉर्ड होतात. मला हवी फक्त कॉम्प्युटरसमोरची खुर्ची. तिथे बसतो तो रेकॉर्डिस्ट. बाकीच्यांनी चहा सांगायचा!

*

रेकॉर्डिंग शिकायला सुरुवात मोबाईलवर केली. व्हिडिओतला भैया म्हणाला, "आसपास कपड़े हों तो आवाज़ गूंजती नहीं."

बेलवलीतल्या आमच्या वन रूम किचनमध्ये सगळे कपडे एका कपाटात. बसले आत, दार ओढून. साड्यांत मोबाईल खोचला आणि "हॅलो, चेक, चेक" सुरू!

सासूबाईंनी दार उघडलं. बघितलं. परत लावलं.

संध्याकाळी माझ्यावरून लिंबू उतरवलं!

*

एका व्हिडिओत माइक तोंडापासून हातभर लांब, दुसऱ्यात चार बोटांवर. खरं काय ते विचारायला आम्ही उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या माइकच्या दुकानात गेलो. विचारत होते मी, शेठ उत्तर देत होते नवऱ्याला. त्याच्या कडेवर आमची तीन वर्षांची परी.

शेवटी नवरा वैतागला. "सेठ, मेरे को क्या बता रहे हो? मैं तो बच्ची संभालने आया हूँ."

शेठ खरंच काळजीत पडले. "तो भाईसाब, सीखेगा कौन?"

*

स्टुडिओतला पहिलाच महिना. मालकांना सगळे दादा म्हणतात; खुर्चीत तेच बसतात. दादा ओरडले, "आवाज सुका लागतोय, ओला करायला हवा!"

मी धावत जाऊन गायकाला कोमट पाणी दिलं. तो प्यायलाही!

ओला करणं म्हणजे आवाजाला घुमारा देणं, हे नंतर कळलं. तेव्हापासून ढोलकीवाला मी दिसले की विचारतो, "काय वहिनी, सुका की ओला?" मासळीबाजारात विचारतात तसं.

आता मीही शिकले. "तुमच्यासाठी नासका ठेवलाय, भाऊजी."

*

ऑनलाइन कोर्स पुरा केला. सर्टिफिकेटची रंगीत प्रिंट काढून दादांना दिली.

दादांनी उलटून पाहिलं. "मागून कोरं आहे ना? मग ह्याच्यावर आजच्या गाण्याचे बोल उतरवून घे."

*

हेडफोन घातला की मला परी रडताना ऐकू येते. एकदा चालू टेकमध्ये मी हात वर केला. "थांबा! पोर रडतंय कुठेतरी!"

दादांनी गाणं मागे नेऊन ऐकलं. "ताई, ती आलाप घेतेय."

काचेपलीकडच्या गायिकेला सगळं ऐकू जात होतं!

सगळे हसले, मीपण हसले. माझा फोन सायलेंटवर होता. घरी गेले तेव्हा परी तापाने फणफणलेली. दुपारपासून तिने माझंच नाव घेतलं होतं म्हणे.

*

गेल्या महिन्यात एक धवलारीण आजी आल्या. आगरी लग्नात धवले गाणाऱ्या, सत्तरीच्या. दादा मला म्हणाले, "हे तू कर. पास झालं तर खुर्ची तुझी."

आजी माइकसमोर बसून इकडेतिकडे बघू लागल्या. "नवरी कुठं हाय? नवरीबिगर धवला कसा बोलू?"

मी रेकॉर्डिंग चालू केलं, डोक्यावर ओढणी घेतली आणि जाऊन त्यांच्यासमोर बसले. आजी गायल्या. मध्येच धाप लागायची, सूर घसरायचा. माझ्या अंगावर काटा!

दादांनी ऐकलं. "श्वास काप. सूर सरळ कर. असलं कोण ऐकणार?"

चार दिवस मी एकेक श्वास कापला. घसरलेला सूर माउसने वर ओढला. पाचव्या दिवशी दादा म्हणाले, "पास!" आणि उठून खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी बसले. आजींना बोलावून धवला लावला. मान डोलवत त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

"बेस गाते गो ही पोर," आजी म्हणाल्या. "आता माझा लाव."