बर्फात रुतलेली दुपार

माझी मुलगी कॅलिफोर्नियातल्या सिएरा पर्वतात बर्फ मोजते. स्नोमोबाइलवरून, म्हणजे पुढे दोन स्की असलेल्या, बर्फावर चालणाऱ्या स्कूटरसारख्या मशीनवरून डोंगरात जायचं, बर्फात लांब नळी खुपसायची, खोली आणि वजन लिहून घ्यायचं. उन्हाळ्यात खाली किती पाणी येईल याचा अंदाज त्यावरून बांधतात. आमच्या फ्रीमाँट गावातल्या ओळखीच्या एका काकूंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बरं, पण जॉब परमनंट आहे ना?" मी हो म्हटलं आणि विषय बदलला. खरं तर मलाही ते काम नीट कळलेलं नव्हतं. कळलं होतं ते एवढंच, की तिथे फोन लागत नाही.

मी रिटायर झाले त्या हिवाळ्यात ती म्हणाली, "आई, एकदा चल ना माझ्याबरोबर. जस्ट वन्स." सुट्टीचा दिवस होता आणि मशीन तिचं स्वतःचं होतं. वाट सुरू होते त्या पार्किंगमध्ये तिने ते तपासलं तेव्हा मी बाजूला उभी राहून बघत होते. मागचा भाग उचलून तिने ट्रॅकमध्ये, म्हणजे मशीन पुढे ढकलणाऱ्या खालच्या रुंद पट्ट्यात, गोठलेला बर्फ झाडला, ऑइल बघितलं, फावडं बांधलं.

"खोल बर्फात मध्येच थांबायचं नाही," ती म्हणाली. "थांबायचंच असेल तर उताराकडे तोंड करून. ओके?"

मी तिच्या मागे बसले आणि तासभर सगळं छान चाललं. मग आम्ही एका मोकळ्या चढावर आलो. दोन दिवसांपूर्वी पडलेला बर्फ तिथे तसाच भुसभुशीत होता. उजवीकडे अचानक ओढ्याची काळी कडा दिसली आणि मी मागून किंचाळले, "थांब!"

ती थांबली. कडा खरं तर चांगली दूर होती, पण मशीन चढावरच जागच्या जागी खाली बसलं. मुलगी उतरली ती कमरेपर्यंत आत गेली. पुढची एक स्की उताराच्या दिशेने वळवायला तिने जोर लावला, पाय निसटला आणि ती उजव्या हातावर पडली. उठली तेव्हा तिचा चेहरा पांढरा झाला होता.

"रिस्ट," ती म्हणाली. "अंगठा दाबता येत नाहीये."

स्नोमोबाइलला वेग देणारा थ्रॉटल उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो. म्हणजे आता चालवायचं मला होतं.

मी बसले आणि घाबरून थ्रॉटल पूर्ण दाबला. "आई, नो! हळू!" ती ओरडली, तोवर मागे खड्डा झाला होता. इंजिनाजवळून फट्कन आवाज आला आणि जळक्या रबराचा वास सुटला. इंजिन चालू होतं, पण मशीन हलेना. आतला ड्राइव्ह बेल्ट तुटला होता.

"मदत बोलावू या का?" मी विचारलं. तिच्याकडे सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं यंत्र होतं.

"त्यांना यायला तीन तास तरी लागतील. आधी ट्राय करू. स्पेअर बेल्ट आहे."

तिने डाव्या हाताने बाजूचं झाकण उघडून दिलं. आत डोकावले आणि मला एकदम हायसं वाटलं. चकत्यांच्या दोन जोड्या आणि त्यांच्यामधून फिरणारा रबरी पट्टा. पुण्यात कॉलेजला असताना माझ्याकडे बिनगिअरची स्कूटर होती, तिच्या पोटात अगदी असंच होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचा पट्टा तुटला, तेव्हा मेकॅनिकने माझ्यासमोर बदलला होता. शिवाय नंतरची पंचवीस वर्षं मी सांता क्लारात चिप बनवणारी मशीनंच दुरुस्त केली होती.

"थांब, गरम असेल," मुलगी म्हणाली.

"माहितीये."

तिने माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघितलं. चकत्या निवल्यावर मी तुटलेल्या पट्ट्याचे अडकलेले दोरे एकेक करून उपटले, तिने दिलेला बोल्ट फिरवून मागच्या जोडीतल्या चकत्या फाकवल्या आणि नवा पट्टा बसवला. बोटं बधिर झाली होती. पहिल्यांदा तो उलटा बसला. दुसऱ्यांदा बरोबर.

मग आम्ही दोघींनी मशीनच्या पुढचा बर्फ तुडवायला सुरुवात केली. मी फावड्याने ट्रॅकमागचा खड्डा भरला, पोटाखालचा बर्फ काढला, स्की उताराकडे ओढल्या. मी लगेच बसायला निघाले, तर ती म्हणाली, "नाही, सेट होऊ दे." तुडवलेला बर्फ घट्ट व्हायला वेळ लागतो म्हणे. वीस मिनिटं आम्ही मशीनला टेकून बसलो आणि मी आणलेले मेथीचे ठेपले खाल्ले.

"सॉरी. मी ओरडले म्हणून झालं हे सगळं," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली, आणि हसायला लागली. "बट यू फिक्स्ड इट, यार!" आईला यार म्हणते ही, पण त्या दिवशी मला ते चाललं.

या वेळी अंगठा अगदी हळू दाबला. मशीन थरथरलं, किंचित पुढे सरकलं, आणि मग अलगद वर आलं. ती मागून डाव्या हाताने मला धरून कानात सांगत होती, "थांबू नकोस. डावीकडे झुक. अजून. गुड." कुठेही न थांबता मी वळण घेतलं आणि आमच्याच जुन्या खुणांवर आले. तिथला बर्फ दबलेला होता. माझे खांदे एकदम सैल पडले, तेव्हा कळलं की मी किती वेळ ते आवळून धरले होते.

पार्किंगमध्ये इंजिन बंद केलं तेव्हा अजून ऊन होतं. मी मशीनवरून उतरले आणि तिथेच बर्फात बसकण मारली. रडू आलं की हसू, तेच कळेना. मुलगी शेजारी बसली.

खालच्या गावात एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, मनगट नुसतं मुरगळलं होतं. डॉक्टर "नो फ्रॅक्चर" म्हणाले तेव्हा मी त्यांना दोनदा थँक यू म्हटलं. गाडीत बसल्यावर नवऱ्याला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दोघी ठीक आहात ना? मग आता काहीतरी गरम खाऊन घ्या."

बाजूच्या सीटवर मुलगी हात छातीशी धरून झोपली होती. मी हीटर वाढवला आणि सूप कुठे मिळेल ते बघत सावकाश गाडी चालवू लागले.