घड्याळाशेजारचा चौकोन

मंगळवारी सकाळी आमचे संगणकवाले भाऊ गेले. त्या दिवशी वाचनालय उघडल्यावर माझा फोन वाजला नाही.

एरवी रोज वाजायचा. "ताई, येऊ का आत?" मी "या" म्हटलं की पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी असलेला पांढरा चौकोन काळा व्हायचा. माऊसवर माझा हात नसताना बाण हलायचा आणि पडद्यावर एक गोल फिरायचा. तो त्यांचा नमस्कार. मग ते घड्याळ लावायचे.

तुमच्यापैकी काहींनी असा चौकोन पाहिला असेल. दुरून कोणी आपल्या संगणकात आलं की त्याचा रंग बदलतो. आमच्या वाचनालयाच्या संगणकांची देखभाल त्यांच्याकडे होती. ते हिंगण्याला राहत. गुडघे दुखायचे, उन्हातून नागपूरला येणं सोसवत नसे, म्हणून घरूनच काम करत. माझा संगणक इतका जुना, की त्याच्या आतला सेल संपलेला. रात्री बंद केला की सकाळी तो जुन्याच कुठल्या तरी वर्षात जागा व्हायचा.

मी एकदा विचारलं, "भाऊ, सेल बदलून का टाकत नाही?"

"बदलतो ना. पण मंग रोज येऊ कशाले?"

काम झालं की ते एक कोरं पान उघडत, त्यावर 'निघतो' असं टाइप करत, पुसत आणि जात. चौकोन पुन्हा पांढरा.

मग वाचनालयात नवे संगणक आले. कार्यवाहांनी त्यांना बोलावून घेतलं. मी शेजारच्या टेबलावर पुस्तकांना क्रमांक घालत होते.

"नव्या संगणकांवर ते चिन्ह दिसायला नको," कार्यवाह म्हणाले. "इथली माणसं काय करतात ते मला घरून पाहता आलं पाहिजे. त्यांना कळता कामा नये."

"काहून?"

"कळलं तर नीट वागतील ना."

"मंग चांगलंच आहे की, साहेब."

कार्यवाह हसले नाहीत. "जमत नसेल तर तसं सांगा. दुसरे पुष्कळ आहेत."

"जमते. दोन मिनिटाचं काम आहे. पण कोणाच्या घरी गेलो तं मी चप्पल दारात काढतो, साहेब. चप्पल हातात घेऊन आत शिरणाऱ्याले लोक काय म्हणते?"

नव्या संगणकांचं काम दुसऱ्यांकडे गेलं. त्या संगणकांवर घड्याळाशेजारी काहीच दिसत नाही. त्यांच्यासमोर बसणारे आमचे लोक डब्याचं झाकण उघडतानाही एकदा पडद्याकडे पाहून घेतात. माझा जुना तेवढा भाऊंकडे राहिला, कारण पुस्तकांची यादी नव्यावर चालेना.

"वाईट नाही वाटलं, भाऊ?" मी फोनवर विचारलं.

"वाटलं ना. काम सोडलं म्हणून बायको दोन दिवस बोलून राहिली. पण एक घर तं राहिलं."

दिवाळीनंतर ते दवाखान्यात होते. घरी परतले आणि फोन पुन्हा सुरू झाला. आवाज खाली गेला होता. बाण गोल फिरायचा, पण तो गोल आता वाकडा निघायचा, अर्ध्यावर थांबायचा, मग पुरा व्हायचा. मी तो पुरा होईपर्यंत माऊसला हात लावत नसे.

त्या शेवटच्या सोमवारी त्यांचा त्रास वाचावा म्हणून मी आधीच घड्याळ लावून ठेवलं.

"ताई, येऊ का आत?"

"भाऊ, आज मीच लावलंय. तुम्ही पडून राहा."



"मंग नको येऊ का?"

"या ना," मी म्हटलं.

चौकोन काळा झाला. बाण हळूहळू कोपऱ्यापर्यंत गेला.

"दोन मिनिटं मागं लावलं तुम्ही," ते म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं आवाजात कळत होतं. घड्याळ पुढे झालं. पान उघडलं, 'निघतो' उमटलं, पुसलं गेलं.

ते गेल्यावर कोणीतरी सेल आणून दिला. तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. संगणक सकाळी जुन्या वर्षात उघडतो. तारीख मी हाताने लावते. शेजारचा चौकोन पांढरा असतो.