स्ट्यूला पाजलेली खळ

"काय रं मास्तर, गिरणीत रोज खळ घट करतोस की न्हाय? मग ह्ये बी कर की!"

आमचे मॅनेजरसाहेब इंग्रज, पण मराठी शिकले ते सोलापूरच्या जॉबरांकडून, म्हणजे गिरणीतल्या मुकादमांकडून. त्यांनी मला खात्यातून थेट बंगल्याच्या स्वयंपाकघरात नेलं. चुलीवर मटणाचा स्ट्यू रटरटत होता, पण पाण्यासारखा पातळ. रात्री विजापूरहून डायरेक्टरसाहेब जेवायला यायचे होते. मी तेव्हा ॲक्टिंग साइझिंग मास्तर. मला परमनंट करायचं की घरी पाठवायचं, हे तेच ठरवणार होते.

साइझिंग म्हणजे ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला पिठाची शिजवलेली खळ पाजायची, म्हणजे मागावर धागा तुटत नाही. तेव्हा घट्ट करणं हा माझा धंदाच. मी बाह्या सरसावल्या.

"मास्तर, पहले चखके तो देखो," खानसामा म्हणाला.

मी माळकरी. शिवाय खळ कोण चाखून बघतो?

मैदा गार पाण्यात कालवला. उकळत्यात कोरडं पीठ टाकलं की गुठळ्या होतात. मग बारीक धार धरून ढवळत राहिलो. खात्यातल्या सवयीने थेंब चिमटीत घेऊन पाहिला.

"बस करो, गाढा हुआ!"

"सूत अजून धरणार नाही," मी म्हणालो आणि उरलेला मैदाही ओतला.

नेमकी डायरेक्टरसाहेबांची गाडी होटगी जंक्शनला अडकून पडली. आमच्या खात्यात खळ सतत वाफेवर गरम असते. इथे पातेलं खाली उतरवलेलं, ते गार होऊन थिजलं. पाहुणे आल्यावर खानसाम्याने ते परत चुलीवर ठेवलं, तर तळ करपला आणि वरचं हलेना. तसंच वाढावं लागलं.

डायरेक्टरसाहेबांनी चमचा खोचला. तो उभाच राहिला. मॅनेजरसाहेब लालबुंद झाले आणि मला हाक आली.

"गिरणीत सुतालाही हेच पाजता?" डायरेक्टरसाहेबांनी विचारलं.

भीतीने माझ्या तोंडून खरं तेच निघालं. "छे छे साहेब! सुताला एवढं सोसत नाही."

मग डायरेक्टरसाहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि त्यांनी तो स्ट्यू सुरीने कापून पावाबरोबर खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी परमनंट झालो. सोबत एक तोंडी हुकूमही मिळाला: मास्तरने बंगल्याच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही.

खळ असो की स्ट्यू, गरम असताना जरा पातळच ठेवावा. आणि जे आपण चाखणार नाही, ते ढवळायला जाऊ नये.