उघड्या हाताने आग्या

आज शेणवे गावाच्या वाटेवर आग्याचा खाजरा पाला मनगटाला घासला आणि आग होताच सासूबाईंचा सुजलेला गुडघा आठवला. दुखणं जुनं होतं, त्यावर हाच गावठी उपाय. लग्नानंतर रोज मी त्या पाल्याने गुडघा हलके हलके झोडायचे, उघड्या हाताने.

"फडकं धरलंस तर गुण नाय येत गो. तू माझी लेकच," त्या म्हणायच्या. तळहात पेटायचे, पण त्या शब्दाने मी सुखावायचे.

मग नणंद माहेरपणाला आली. तिने हौसेने पाला उचलला, तर सासूबाईंनी झटकन तिच्या हाताला फडकं गुंडाळलं. "आग होईल गो तुला!"

मी तळहात पाठीमागे लपवले. आज वाटतं, त्यांच्या तोंडासमोर धरायला हवे होते.

नणंदेने फडक्याच्या हाताने झोडूनही गुडघ्याला त्या दिवशी तेवढाच आराम पडला.