तीन ओळींवर एक रेघ

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास, होसूर रोडवर बोम्मसंद्र्याच्या अलीकडे सुमनअक्कांच्या गाडीचा ब्रेक लागला नाही. गाडी सर्व्हिस रोडच्या कडेला टाकलेल्या वाळूच्या ढिगात शिरली. अक्कांचे उजवे मनगट मोडले. मागच्या सीटवरचे तळलेल्या कोडबळ्यांचे चार डबे उलटले. आणखी कोणाला इजा झाली नाही. त्या दिवसानंतर रेघवाल्या अण्णांनी कोणाच्याही एस्टिमेटवर रेघ मारली नाही.

राजाजीनगरातल्या ज्या मराठी घरांत गाडी होती, त्यांतल्या बहुतेकांना अण्णा ठाऊक होते. त्यांच्या धाकट्या भावाचे तिथे कापडाचे आणि शिलाईचे दुकान आहे. दुकानाच्या दाराशी एक बाक असे. शनिवारी दहा ते एक अण्णा त्या बाकावर बसत, आणि लोक सर्व्हिस सेंटरने दिलेले खर्चाचे एस्टिमेट घेऊन त्यांच्याकडे येत. कापडावर खुणा करायची तांबडी पेन्सिल घेऊन अण्णा ते वरपासून खालपर्यंत वाचत. जे काम करण्याची गरज नाही त्यावर रेघ. जे पुढच्या सर्व्हिसला केले तरी चालेल त्यापुढे टिंब. ज्या ओळीला पेन्सिल लागली नाही, ते आज करून घ्यायचे. याचे ते काही घेत नसत. कॉफीही तेच मागवत.

एस्टिमेट फोनवर आलेले असले तर ते वाचत नसत. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणायला सांगत. कोणी कटकट केली तर म्हणत, "फोनवर रेघ मारता येत नाही. आणि रेघ मारल्याशिवाय माणूस त्यांना नाही म्हणत नाही." हे खरे होते. तांबड्या रेघांचा कागद काउंटरवर ठेवला की बोलावे फारसे लागत नसे.

अण्णांच्या घराण्याचे लोक तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे कन्नड मुलखात आले, असे घरात सांगत. कागद कोणाकडे नव्हता. त्यांचे मराठी त्या घरातले होते. 'थोडे'ला ते 'स्वल्प' म्हणत, 'ठीक'ला 'सरी', आणि नको असलेल्या कामावर रेघ मारताना दर वेळी 'बेडा', म्हणजे नको, म्हणत. पुण्याहून बदलीवर आलेल्या माझ्यासारख्यांना पहिले दोन-तीन शनिवार अर्धे समजत नसे. रेघ समजत असे.

मी त्यांच्याकडे गेलो तो एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून. मी राहतो त्या एचएसआर लेआउटमधून राजाजीनगरला शनिवारी सकाळी जायचे म्हणजे अर्धा दिवस जातो. माझ्या एस्टिमेटवर एकोणीस ओळी होत्या. अण्णांनी इंजिन फ्लशिंगवर रेघ मारली, इंजिन ड्रेसिंगवर मारली, एसी क्लीनिंगवर मारली, डिझेलमध्ये टाकायच्या औषधावर मारली. आठ ओळी गेल्या. कशाच्या आधारावर, असे मी विचारले.

"हे मीच लिहायचो, सार," ते म्हणाले.

अण्णा एकतीस वर्षे एका डीलरच्या सर्व्हिस काउंटरवर होते. गाडीच्या कामांची नोंद असलेले जॉब कार्ड आधी हाताने लिहीत, नंतर कॉम्प्युटरवर. दर महिन्याला काउंटरवरच्या प्रत्येक ॲडव्हायझरला जास्तीच्या कामांचा ठरावीक आकडा गाठावा लागे. आकडा गाठला नाही तर सोमवारच्या बैठकीत उभे राहून कारण सांगावे लागे. अण्णांनी एकतीस वर्षांत दोनदाच कारण सांगितले होते, आणि हे ते अभिमानाने सांगत नसत, लपवतही नसत. निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी एका ओळखीच्या मास्तरांनी त्यांना आपले एस्टिमेट दाखवले. कोणत्या ओळी कशासाठी आहेत हे अण्णांना न विचारता कळत होते. त्यांनी भावाच्या टेबलावरची पेन्सिल उचलली. सुरुवात तिथून झाली.

भावाला हे फारसे पसंत नव्हते. गिऱ्हाइकांसमोर तो म्हणे, "आमची पेन्सिल पँटला आहे, अण्णा. तू तिने कंपनी कापतोस." अण्णा म्हणत, "तू वाढीव कापड मागतोस ते मी कोणाला सांगितलं का?" यावर दुकानातले कारागीर दर वेळी हसत. भाऊही हसे आणि नवी पेन्सिल काढून देई.

डीलरशी भांडा, असे त्यांनी कोणाला सांगितल्याचे मला आठवत नाही. वॉरंटी चालू असताना बाहेरच्या गॅरेजला जायचे नाही, हा त्यांचा नियम होता. सर्व्हिस वेळेवर करायची, ऑइल कंपनीने सांगितलेलेच घालायचे, आणि ॲडव्हायझरशी आदराने बोलायचे. "तो पण पोरंबाळंवाला आहे," ते म्हणत. त्यांनी लोकांना एकच प्रश्न शिकवला होता. एस्टिमेटमधल्या ज्या ओळीचा संशय येईल, तिच्यावर बोट ठेवून विचारायचे: हे आज केलं नाही तर काय होईल? ॲडव्हायझर नीट उत्तर देऊ शकला तर काम करून घ्यायचे. "गाडीची लाइफ वाढते" असे म्हणाला तर रेघ.

दुसरा नियम जुन्या भागांचा. गाडी सोडतानाच सांगून ठेवायचे की जे काढाल ते मला परत द्या. लोक पिशवीत घालून जुने ब्रेक पॅड, एअर फिल्टर, वायपर दुकानात आणत. अण्णा पॅडच्या जाडीवर नख लावून बघत. कधी म्हणत, बरोबर काढला. कधी काहीच न बोलता पिशवी बांधून देत. म्हणजे पॅड अजून बरेच चालले असते.

सुमनअक्का त्यांच्या गल्लीतल्या. नात्याच्या नव्हेत. घरी कोडबळे, चकली, चिरोटे करून बोम्मसंद्र्याच्या तीन कारखान्यांच्या कँटीनना पुरवतात. आठवड्यातून तीन दिवस माल स्वतः नेतात. त्यासाठी त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली होती. माल दोन खेपा चुकला तर कँटीनवाला दुसरा माणूस बघतो, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले होते. दुकानातल्या बाकावर त्या कोडबळ्यांची पुडी घेऊन येत आणि अण्णांपुढे ठेवून म्हणत, "यावर तेवढी रेघ मारू नका." अण्णा एक खाऊन बघत आणि म्हणत, "तेल स्वल्प जास्त. टिंब."

अपघाताआधीची सर्व्हिस जानेवारीत झाली. संक्रांतीच्या आधीचा शनिवार होता. बाकावर आणि बाहेर मिळून नऊ-दहा माणसे होती, आणि अक्कांना सणाच्या ऑर्डरी होत्या. त्यांनी उभ्या उभ्याच कागद पुढे केला. एस्टिमेटवर 'ब्रेक' या शब्दाने सुरू होणाऱ्या तीन ओळी एकाखाली एक होत्या. पहिली ब्रेक क्लीनिंगची. दुसरी ब्रेक ग्रीसिंगची. तिसरी पुढच्या दोन्ही ब्रेक होज बदलण्याची. होज म्हणजे ब्रेकचे तेल चाकापर्यंत नेणारी रबरी नळी. पहिल्या दोन ओळी अण्णांनी नोकरीत असताना हजारो कार्डांवर लिहिल्या होत्या. त्यांनी तिन्ही ओळींवर वरून खाली एकच रेघ मारली. बेडा, म्हणाले. अक्का कागद घेऊन गेल्या. मी तेव्हा बाकावर होतो. मला त्यात काही वेगळे दिसले नाही.

नळीला चिरा पडल्या आहेत हे आपण अक्कांना फोनवर सांगितले होते, असे सर्व्हिस सेंटरमधल्या ॲडव्हायझर मुलीचे म्हणणे. आपल्याला फक्त 'ब्रेकचे काम' एवढेच ऐकल्याचे आठवते, असे अक्कांचे. दोघींपैकी कोणीही दुसरीला खोटे म्हटले नाही.

अपघाताच्या तिसऱ्या दिवशी अण्णा सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. मला बरोबर यायला सांगितले. गाडी टो करून तिथे आणलेली होती. अण्णांनी आधी जुना भाग मागितला. मुलीने आतून पुढच्या दोन्ही नळ्या आणून दिल्या. डावी बोटभर लांबीत फाटली होती. उजवी फाटली नव्हती, पण वाकवल्यावर चिरा उघडत होत्या. अण्णांनी ती दोन-तीनदा वाकवून बघितली. मग जानेवारीचे जॉब कार्ड दाखवा म्हणाले. कार्डावर होजच्या ओळीपुढे इंग्रजीत लिहिले होते: ग्राहकाने नकार दिला. खाली सुमनअक्कांची सही होती.

अण्णा कन्नडमध्ये म्हणाले, की नकार तिने दिला नाही, मी दिला, माझे नाव घाला. मुलगी म्हणाली, कार्ड बंद झाले आहे, आता सिस्टिममध्ये काही बदलता येत नाही. अण्णांनी मान हलवली. हे उत्तर त्यांनी स्वतः कितीतरी लोकांना दिले असावे. जाताना ते तिला म्हणाले, "तू बरोबर लिहिलं होतंस." ती उभी राहिली.

त्या नोंदीमुळे दुसरा प्रश्न उभा राहिला. सुरक्षेचे काम सांगूनही गाडीमालकाने केले नाही, असे कागदावर दिसत होते. विमा कंपनीच्या सर्व्हेयरने त्यावर बोट ठेवले. क्लेम अडला असता तर गाडी दुरुस्त करणे अक्कांना परवडणारे नव्हते, आणि गाडीशिवाय तीन कँटीन टिकणार नव्हती. अण्णांनी त्या संध्याकाळी भावाच्या दुकानात बसून इंग्रजीत एक पानभर पत्र लिहिले. आपण कोण, किती वर्षे काउंटरवर होतो, गाडीमालक आपल्या सल्ल्यावर कशा अवलंबून होत्या, आणि ही रेघ आपली आहे. सोबत तांबड्या रेघांच्या एस्टिमेटची झेरॉक्स जोडली. मला वाचायला दिले. मी एक स्पेलिंग सुधारले. बाकी काही बदलण्यासारखे नव्हते.

पत्र द्यायच्या आधी ते अक्कांकडे गेले. अक्का प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. पत्र वाचून त्यांनी ते परत केले.

"सही माझी आहे, अण्णा. मला वाचता येतं."

"तुम्ही माझ्यावर टाकून सही केली."

"मग त्याला सही म्हणायचं की नाही?"

अण्णांनी पत्राची घडी करून ते खिशात ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र सर्व्हेयरला दिले. सर्व्हेयरने ते फाइलला लावले. पाच आठवड्यांनी क्लेम मंजूर झाला. नळ्यांचे पैसे सोडून बाकीची दुरुस्ती विम्यातून झाली. पत्राचा काही परिणाम झाला का, हे विचारले असता सर्व्हेयरने सांगायला नकार दिला.

या काळात अक्कांचा माल एकदाही चुकला नाही. कोडबळे वळायला त्यांनी गल्लीतल्या दोघी बायका लावल्या. डबे अण्णांच्या गाडीतून गेले, अक्का शेजारच्या सीटवर असत. अण्णांचे वय तेव्हा अडुसष्ट होते आणि त्यांची गाडी वीस वर्षांची. आठवड्यातून तीन दिवस सकाळी साडेसहाला ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहत. हे कोणी ठरवले, असे मी दोघांनाही विचारले. दोघांनीही आपण नाही असे सांगितले.

पहिला आठवडा ते गाडीत रस्त्याखेरीज कशावर बोलले नाहीत, असे अक्कांनी मला नंतर सांगितले. दुसऱ्या आठवड्यात सिल्क बोर्डच्या सिग्नलला गाडी बराच वेळ थांबली होती. अण्णा समोर बघत म्हणाले, "तीन ओळी होत्या, अक्का. मी दोनच वाचल्या." अक्का म्हणाल्या, "सिग्नल सुटला." आणि तो सुटलाही होता.

शनिवारचा बाक बंद झाला नाही. लोक येत राहिले. अण्णा एस्टिमेट वाचत, प्रत्येक ओळीचा अर्थ सांगत, पण पेन्सिल घेत नसत. तुम्हीच रेघ मारून द्या, असा आग्रह लोक करत. एक जण म्हणाला, की मग आम्ही इतक्या लांबून आलो कशाला. अण्णा म्हणाले, "प्रश्न घेऊन जा. रेघ तुमची तुम्ही मारा." माणसे हळूहळू कमी झाली. मे महिन्यात एका शनिवारी बाकावर मी एकटाच होतो. माझी गाडी सर्व्हिसला नव्हती. भावाने त्या दिवशी पेन्सिलवरून काही म्हटले नाही. कॉफी त्याने मागवली.

जूनमध्ये अण्णा मुलीकडे मैसूरला राहायला गेले. मुलीचा आग्रह जुना होता. त्यांनी गाडी विकली. घेणाऱ्याला त्यांनी सगळ्या सर्व्हिसची कार्डे वर्षवार लावून दिली, आणि पुढच्या सहा महिन्यांत काय काय बदलावे लागेल ते एका कागदावर लिहून दिले. त्या कागदावर पहिली ओळ ब्रेक होजची होती. सर्व्हिस सेंटरमधून आणलेली फाटलेली नळी दुकानाच्या खणात आहे. भावाने ती टाकून देऊ का म्हणून फोनवर विचारले, तेव्हा अण्णा राहू दे म्हणाले.

सुमनअक्कांच्या गाडीची पुढची सर्व्हिस ऑगस्टमध्ये झाली. मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. काउंटरवर तीच ॲडव्हायझर होती. एस्टिमेटवर बारा ओळी होत्या. अक्कांनी ते कागदावर काढून मागितले. मग एकेका ओळीवर बोट ठेवून, हे आज केले नाही तर काय होईल, असे बारा वेळा विचारले. मुलीने बारा वेळा उत्तर दिले. यात पाऊण तास गेला. मागे चार माणसे थांबली होती. अक्कांनी पर्समधून निळे पेन काढले आणि पाच ओळींवर पाच वेगवेगळ्या रेघा मारल्या. ब्रेकची एक ओळ होती. तिच्यावर रेघ नव्हती. खाली त्यांनी सही केली, आणि जुने भाग परत लागतील असे सांगितले.