इतर नावाचं कोणी नाही

‘व इतर’ हे दोन शब्द आयुष्यात एकदाही न लिहिलेला माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो माझ्या मुलीच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर आहे. परिचर म्हणजे परीक्षानळ्या धुणं, बुन्सेनचे बर्नर पुसणं आणि विज्ञानाच्या सरांना हवं ते वेळेवर हातात देणं, असं त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलेलं असणार. पण शाळेच्या फाटकाशी एक आठ फूट बाय चार फुटांचा काळा फळा आहे, त्यावर शाळेच्या बातम्या लिहिण्याचं काम त्यांच्याकडे कधी आलं आणि कोणी दिलं, हे आता कोणालाच सांगता येत नाही. मुलं त्यांना फळेवाले काका म्हणतात. माझी मुलगी म्हणते म्हणून मीही काकाच म्हणतो, जरी माझ्यात आणि त्यांच्यात फार तर नऊ वर्षांचं अंतर असेल. ते सिन्नरकडच्या एका गावातून पहिल्या एसटीनं येतात आणि सहा वीसला फळ्यासमोर उभे असतात. एकदा एसटी वाटेत बंद पडली, तर त्या दिवशी फळ्याच्या माथ्यावर लिहिलं होतं : ‘आजच्या बातम्या सहा मिनिटे उशिरा.’ मी घड्याळ पाहिलं होतं. सहाच मिनिटं.

मी सातपूरला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. एखादा भाग मापात आहे की नाही एवढंच दिवसभर बघायचं, असं माझं काम. त्यामुळे आकड्यांच्या बाबतीत मी काटेकोर आहे अशी माझी समजूत होती. ती पालकसभेच्या दिवशी गेली. सभा संपल्यावर काका खडू घेऊन दारात उभे होते. मला म्हणाले, “साहेब, किती पालक होते?” मी म्हटलं, “सुमारे साठ.” त्यांनी खडू खाली घेतला. “सुमारे म्हंजे कोण?” मग आम्ही दोघांनी सहीचा कागद घेऊन पुन्हा मोजलं. त्रेपन्न निघाले, शिवाय दोन आज्या, ज्यांनी सही केली नव्हती. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ‘५३ पालक व २ आज्या’ असं होतं. तेव्हापासून मी कारखान्यातसुद्धा ‘सुमारे’ म्हणताना अडखळतो.

त्यांच्या बातम्यांचा पहिला नियम असा की प्रत्येक नाव लिहायचं. चित्रकलेच्या परीक्षेत एकेचाळीस मुलं पास झाली, तेव्हा एकेचाळीस नावं फळ्यावर आली. शेवटची नऊ इतकी बारीक होती की मुलं चपला काढून कठड्यावर चढून वाचत होती. शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्या एकदा म्हणाल्या, “काका, पहिली पाच लिहा आणि खाली ‘व इतर’ लिहा की. छान सुटसुटीत दिसेल.” काका नम्रपणे म्हणाले, “मोठ्या बाई, मी हजेरीपट पाह्यला. पाचवीपासून दहावीपर्यंत इतर नावाचं कोणी नाय.” बाई हसल्या आणि आत गेल्या. बाई तशा प्रेमळ आहेत, हे इथेच सांगून ठेवतो.

दुसरा नियम असा की बातमी म्हणजे फक्त आनंदाची बातमी नव्हे. इतर शाळांच्या दारात फक्त यश लिहिलेलं असतं. आमच्या फळ्यावर एकदा मजकूर होता : ‘घोटीला गेलेला कबड्डी संघ सात गुणांनी हरला. जेवण चांगले होते.’ विज्ञान प्रदर्शनाच्या वेळी : ‘ज्वालामुखी चार होते. तीन पेटले.’ स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी : ‘सूर्याचे काम करणाऱ्या मुलाचे पोट बिघडल्याने सूर्याविना नाटक पार पडले.’ त्या मुलाचे वडील भांडायला आले होते. काकांनी त्यांना विचारलं, “आता कसं हाय त्याचं पोट?” आणि संध्याकाळपर्यंत फळ्यावर भर पडली : ‘सूर्य बरा आहे.’ वडील तो मजकूर मोबाइलमध्ये टिपून घेऊन गेले. प्रयोगशाळेतल्या त्यांच्या चिठ्ठ्याही याच वळणाच्या. कोपऱ्यातल्या सापळ्याच्या गळ्यात पुठ्ठा आहे : ‘मानवी सापळा. हाडे २०५. एक शोधत आहे.’

तिसरा नियम, दोन माणसांनी सांगितल्याशिवाय बातमी लिहायची नाही. टाकीखालच्या मांजरीला पिलं झाली तेव्हा एका मुलानं तीन सांगितली आणि एकानं चार, म्हणून काका स्वतः टाकीखाली पालथे झाले. चार होती. ‘चौथे आईच्या मागे आहे. हात लावू नये,’ असं दोन दिवस फळ्यावर होतं, आणि बाराशे चौदा मुलांच्या शाळेत कोणी हात लावला नाही.

यंदा हिवाळ्यात मुलींच्या खो-खो संघानं जिल्ह्यात बाजी मारली. फळ्यावर पंधरा नावं आली : मैदानात उतरलेल्या मुलींची आणि बाहेर बसून राहिलेल्यांचीही, एकाच आकाराच्या अक्षरात. पण चार दिवसांनी फाटकावर एक मोठा फ्लेक्स लागला. मी थांबून मोजलं. त्यावर अकरा चेहरे होते. दहा संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे आणि एक, सगळ्यात लहान, कर्णधार मुलीचा. खाली लिहिलं होतं : ‘कर्णधार व इतर १४ खेळाडू’. काका फ्लेक्ससमोर पाठीमागे हात बांधून उभे होते. मला म्हणाले, “साहेब, आकडा बरोबर हाय. तेवढंच बरोबर हाय.”

फ्लेक्स लोकांना आवडला. मग संस्थेनं ठरवलं की फाटकाशी फ्लेक्ससाठी कायमची लोखंडी चौकट उभारायची. जागा एकच होती, फळ्याची. “आणि काका,” मोठ्या बाई म्हणाल्या, “बातम्या आता पालकांच्या मोबाइलवर जातातच की. फळा वाचतं कोण?”

या प्रश्नावर काकांनी हातातला खडू खिशात ठेवला. किती जण वाचतात, ते त्यांनी कधी मोजलं नव्हतं. इतकी वर्षं रोज लिहिणारा माणूस, पण सगळी शाळा वाचते हे त्यांनी गृहीत धरलं होतं. एकाही माणसाला न विचारता. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मी उठून म्हणालो की हा प्रश्न मोजून सुटण्यासारखा आहे. त्या आठवड्यात माझी दुसरी पाळी होती, सकाळ मोकळी होती. मी सहा दिवस फाटकाशी उभा राहून मोजतो, मग ठरवा. काकांचा चेहरा उजळला. “मोजा साहेब. तुम्ही मोजलं की काय बोलायचंच नाय.” मला खात्री होती की आकडा फळा वाचवेल. आकड्यांवर माझा विश्वास आहे, आणि तो असा मला पहिल्यांदाच महागात पडला.

वाचणं म्हणजे काय, हे आम्ही आधी ठरवून घेतलं. पाय थांबले पाहिजेत आणि मान वर गेली पाहिजे. चालता चालता नजर टाकली तर धरायचं नाही. हा नियम काकांचा. मी जरा ढिला नियम सुचवला होता, तर म्हणाले, “तसं नको. मग उद्या कोणी म्हणंल, पारडं झुकवलं.” मी कागदावर दोन रकाने आखले, ‘वाचणारे’ आणि ‘शेरा’. सोमवारी एकेचाळीस, मंगळवारी छत्तीस, बुधवारी चव्वेचाळीस. गुरुवारी फक्त तेहेतीस, शुक्रवारी एकोणचाळीस, शनिवारी पस्तीस. मुलं धावत येत होती, बोलत येत होती, घंटेच्या भीतीनं येत होती. बहुतेक तीच थांबत होती ज्यांचं नाव त्या दिवशी फळ्यावर होतं, किंवा मित्राचं होतं.

गुरुवारची एक गोष्ट सांगायला हवी. शाळेच्या कोपऱ्यावर मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या एक ताई बसतात, मखमलाबादकडून येतात. त्यांची मुलगी खो-खोच्या संघात होती, मैदानात उतरली नव्हती. काकांनी खो-खोची बातमी अजून पुसली नव्हती, कडेला छोटी करून ठेवली होती. भाजीची पाटी बाजूला ठेवून ताई फळ्यापुढे आल्या आणि मला म्हणाल्या, “भाऊ, आमच्या पूनमचं नाव कुठं हाय? म्हणती, लिवलंय.” मी बोट दाखवलं. तेराव्या ओळीत होतं. “हे?” “हो, हे.” “एवढंच?” “वडिलांचं नाव पुढं आहे, आणि आडनाव.” त्या नावाकडे बघत उभ्या राहिल्या. मागं कोणी तरी “मेथी कशी दिली?” म्हणून विचारत होतं, त्या म्हणाल्या, “थांबा वो जरा.” मी घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं.

काका आले तेव्हा मी कागद दाखवला. “ताईंना धरलं का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “त्यांना वाचता येत नाही, काका. रकाना ‘वाचणारे’ असा आहे.” त्यांनी कागदावरचा रकाना पुन्हा वाचला. मी मनातून त्यांनी हट्ट धरावा अशी वाट बघत होतो. धरला असता तर मी आकडा चौतीस केला असता. ते म्हणाले, “बरोबर हाय. नका धरू. पण शेरा लिवा.”

बैठकीत मी आकडे वाचले. सरासरी अडतीस, म्हणजे शंभरात तीन. मोठ्या बाईंनी कागद मागून घेतला आणि शेऱ्याचा रकाना स्वतः मोठ्यानं वाचला : “गुरुवार. एक आई. वाचता येत नाही. अकरा मिनिटे.” बाईंनी चष्मा काढला. “मला हे कळतंय हो,” त्या म्हणाल्या, “पण टक्केवारीत हे मी बसवू कुठे?” फळा दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेच्या बाहेर लावायचा आणि तिथे काकांनी हवं ते लिहायचं, असं ठरलं. बाहेर पडताना मी काकांच्या नजरेला नजर देत नव्हतो. तेच म्हणाले, “अडतीस तर अडतीस. मोजणी चोख झाली, साहेब.”

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी पाना आणि पक्कड घेऊन गेलो. शिपाई रजेवर होता, म्हणून फळ्याचं दुसरं टोक मी धरलं. फळ्यावर त्या दिवशीची बातमी होती, वृक्षारोपणाला गेलेल्या मुलांची नावं, एकोणतीस. मी म्हटलं, “पुसून घ्या, उचलायला बरं पडेल.” काका म्हणाले, “वाचलं नाय कोणी अजून पुरतं.” मग आम्ही तो काठावर धरून, मजकुराला अंग न लावता, मी पुढे उलटा चालत, असे जिना चढू लागलो. लाकूड दिसतं त्याहून जड होतं. पहिल्या मजल्याच्या वळणावर माझी पकड सुटली आणि बाही घासली गेली. काका लगेच म्हणाले, “टेकवा.” आम्ही फळा पायरीवर टेकवला. “काय गेलं?”

“एक नाव. ‘ल’ राहिलाय फक्त.”

“सातवी क,” ते म्हणाले. “कुणाल.” वडिलांचं नाव आणि आडनावही त्यांनी न बघता सांगितलं, खिशातून खडू काढला आणि गुडघ्यावर बसले. फळा तिरका, जागा अडचणीची, पण अक्षर नेहमीसारखंच उमटत होतं. शाळा रिकामी झाली होती. खालून वेल्डिंगचा आवाज येत होता, चौकट बसवत होते.

मी म्हटलं, “काका, उद्या रविवार. आणि वर दुसऱ्या मजल्यावर वाचणार कोण?”

त्यांनी आडनावाची वेलांटी पुरी केली, खडू खिशात ठेवला आणि काठ पुन्हा हातात घेतला. “ते तुम्ही मोजा, साहेब. मी लिवतो.”

मग आम्ही फळा उचलला. अजून चौदा पायऱ्या होत्या.