रुईखेडीचं रिकामं वर्तुळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवाला तर सांगावंच लागत नाही म्हणतात, म्हणून त्यालाही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून निघत नाही. दोनदा प्रयत्न केला, आणि दोन्ही वेळा जोंधळ्याच्या पिकाबद्दल बोलून उठलो.

माझी नोकरी नकाशे काढायची. राज्य निजामाचं, कचेरी बीडची, दप्तर उर्दूत, आणि मी मराठी घरातला नकाशानवीस. सगळे मला मुन्शीजी म्हणत. हात माझा चांगला होता. हे बढाई म्हणून सांगत नाही—बरं, थोडी बढाई आहेच. नदीची रेघ मी एका दमात ओढायचो, मधे लेखणी उचलायची नाही. साहेब लोक नकाशा उजेडाकडे धरून बघायचे आणि मान डोलवायचे. तो कौतुकाचा क्षण मला फार आवडायचा. इतका, की त्यापायी मी काय केलं तेच सांगायला बसलोय.

पण एकदम नाही सांगता येणार. थोडं वळसा घालून येतो.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी हैदराबादहून एक साहेब आले. विद्वान माणूस, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा. आपला मुलूख कसकसा बदलत गेला, ते जुन्या-नव्या नकाशांवरून लिहून काढायचं, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी दप्तरातून तीन काळचे नकाशे बाहेर काढायला लावले. एक आमच्या आजोबांच्या वेळचा, मागून मांजरपाट चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला. दुसरा माझ्या तरुणपणचा, आमच्याकडे प्लेग आला त्या दिवसांतला. तिसरा अलीकडचा. सतरंजीवर तिन्ही शेजारी-शेजारी पसरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आणि आम्ही दोघं म्हातारे गुडघे टेकून त्यांवर ओणवे.

खोटं कशाला बोलू, मला त्या कामात मजा येत होती. दिंद्रुड पहिल्या नकाशात एवढंसं होतं, तिसऱ्यात चांगलं फुगलेलं. वडवणीच्या बाजाराला जाणारी वाट आधी टेकडीला वळसा घालायची, पुढे ती सरळ झाली. बालाघाटाच्या उतारावरचं रान मागे मागे सरकलेलं. एक तळं गाळानं भरून शेत झालेलं. माणसाच्या चेहऱ्यावर वय दिसतं तसं ते जमिनीवर दिसत होतं. साहेब बोट ठेवायचे, मी सांगायचो, ते लिहून घ्यायचे.

मग त्यांचं बोट रुईखेडीवर आलं.

वडवणीच्या पूर्वेला, कुंडलिका नदीच्या काठी रुईखेडी. पहिल्या नकाशात तिथं लाल चौकोन, म्हणजे वसलेलं गाव. बाजूला विहीर, मारुती, साठ घरांची नोंद. दुसऱ्या नकाशात त्याच जागी एक रिकामं वर्तुळ. वस्ती उठली, गाव बेचिराख, अशी ती खूण. तिसऱ्यात काहीच नाही—पलीकडच्या मोठ्या गावाचं गायरान, बस.

साहेबांनी बराच वेळ तिन्हींकडे आळीपाळीनं पाहिलं. पहिल्या नकाशात नदी गावाला चिकटून होती, तिसऱ्यात ती त्या जागेपासून थोडी लांब दिसत होती. त्यांना कारण सापडलं. नदी सरकली, विहिरीचं पाणी आटलं, म्हणून माणसं उठून गेली. त्यांनी त्यावर एक सुंदर परिच्छेद लिहिला आणि मला वाचून दाखवला. मग विचारलं, तुम्ही त्या काळी होतात ना, तुम्हाला काय वाटतं?

मी म्हटलं, "जी, तसंच असावं."

नदी सरकलेली नव्हती. पहिला नकाशा काढणाऱ्यानं ती अंदाजानं ओढली होती, हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. नदी होती तिथंच आहे. आणि दुसऱ्या नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात जी सही आहे ती माझी आहे. साहेबांनी ती वाचली नाही. किंवा वाचली आणि माझी म्हणून ओळखली नाही—तरुणपणी मी सही फार नटवून करायचो.

आता त्या दुसऱ्या नकाशाकडे येतो. यावंच लागेल ना?

प्लेगच्या दिवसांत आमच्याकडची गावं काय करायची, ते तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. घरात उंदीर मरून पडू लागले की अख्खं गाव बाहेर पडायचं. दारांना कड्या घालायच्या, भांडीकुंडी, गुरं, म्हातारी माणसं घेऊन माळावर जायचं, कडब्याच्या आणि कपाशीच्या पळाट्यांच्या झोपड्या घालायच्या आणि साथ ओसरेपर्यंत तिथंच राहायचं. गाव म्हणजे नुसती कुलपं आणि कड्या. पण गाव मेलेलं नसायचं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आणि आमच्या कामाची रीत अशी होती की नकाशानवीसानं स्वतः गावठाणात पाय ठेवायचा, मारुतीपुढे उभं राहायचं, पाटलाला बरोबर घेऊन चुली मोजायच्या आणि कागदावर पाटलाचा अंगठा घ्यायचा. गाव साथीमुळे बाहेर असेल तर तसा शेरा मारायचा आणि पुन्हा फेरी करायची. सोपी रीत आहे. त्यात न समजण्यासारखं काय आहे?

माघ संपत आला होता. सकाळचे दहा-अकरा वाजले असतील. मी तट्टावर, आणि मोजणीची साखळी ओढणारा बाबू पायी. आम्ही नदीच्या अलीकडच्या काठावर आलो. पाणी घोट्याएवढं. पलीकडे रुईखेडी, दारं बंद, एका घरातूनही धूर नाही. आणि गावामागच्या माळावर झोपड्यांची रांग, तिथं मात्र धूर, गुरं, वाळत घातलेली लुगडी. सगळं दिसत होतं. ऊन स्वच्छ होतं.

बाबू म्हणाला, "गाव भाईर पडलंय मुन्शीजी. माणसं माळावर हायेत. मी जाऊन पाटलाला घिऊन येतो, पाणी काय लई न्हाई."

मी म्हटलं, नको.

आदल्या वर्षी माझा धाकटा भाऊ प्लेगनं गेला होता. तीन दिवसांत. हे कारण म्हणून सांगत नाही. ती माणसं प्लेगपासून पळालेली होती, प्लेगमध्ये बसलेली नव्हती. माळावरच्या मोकळ्या हवेत पाटलाचा अंगठा घ्यायला मला काय होणार होतं? तरी पाय उचलेना. पुन्हा फेरी करायचंही जिवावर आलं. मी कागद काढला आणि रुईखेडीच्या जागी शिसपेन्सिलीनं एक रिकामं वर्तुळ काढलं. पेन्सिल आहे, नंतर खोडता येईल, असं मनाशी म्हटलं.

इथपर्यंत ही भित्र्या माणसाची गोष्ट आहे. एवढीच असती तर मी ती कुणालातरी सांगून मोकळा झालो असतो.

महिन्याभरानं मी बीडच्या कचेरीत बसून त्या कागदावर शाई फिरवली. तिथं साथ नव्हती, नदी नव्हती, कुणी बोलवत नव्हतं. पंखा ओढला जात होता. पेन्सिलीच्या वर्तुळापाशी लेखणी थांबली—खरंच थांबली, मला आठवतं. ते खोडायचं तर न गेल्याची कबुली द्यावी लागली असती. ठेवायचं तर काहीच करावं लागत नव्हतं. मी ते वर्तुळ शाईनं काढलं. इतकं गोल आलं, की मोठ्या साहेबांनी त्या पानाचंच कौतुक केलं.

पुढचं सगळं नियमानं झालं. नवा नकाशा गावाच्या चावडीत मांडतात आणि कुणाची हरकत असेल तर ऐकतात. पण बेचिराख गावाची चावडी कुठली? म्हणून तो शेजारच्या मोठ्या गावात मांडला. त्यांची कशाला हरकत असेल? रुईखेडीचं गावठाण गायरानात गेलं, पाटीलकी बंद झाली, आणि ओसाड घरांची लाकडं म्हणून सरकारनं तिथली तुळया-दारं लिलावात काढली. ती मोठ्या गावानं गाड्या लावून नेली. माळावरची माणसं आरडाओरडा करत आडवी आली, तेव्हा त्यांना सरकारी कागद दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं. साथ ओसरून ती गावात परतली तेव्हा भिंती होत्या, वर आभाळ होतं.

गणोजी पाटील कचेरीत आले ते तेव्हा. रुईखेडीचे पाटील. मला ते चांगलेच माहीत होते. गाव माळावर गेलं त्याच्या आदल्या साली त्या शिवाराच्या हद्दी मोजताना मी पाच दिवस त्यांच्या घरी राहिलो होतो. ज्वारीची भाकरी आणि पिठलं, आणि मला तिखट सोसत नाही म्हणून त्यांच्या बायकोनं वेगळं दूध काढून ठेवलेलं. पाच दिवस. पाटील लहानखुरे होते, बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघायचे. कचेरीत आले ते पागोटं नीट बांधून, आणि मला पाहून त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं मला दिसलं. ओळखीचा माणूस आहे, आता होईल, असंच वाटलं असणार त्यांना.

जमीन-बंदोबस्ताचे मोहतमीम, म्हणजे आमचे मोठे साहेब, न्यायाचे होते. त्यांनी पाटलांना खुर्चीजवळ बोलावलं. पाटील म्हणाले, "आमी गाव कावून सोडू सायेब? उंदरं पडली म्हून माळावर गेलतो. मारुतीला त्याल घालाया आमचा गुरव रोज गावात जात हुता. आन् मुन्शीजी नदीवर आलते तवा मी सोता हाक मारली. त्यांनी हात बी वर केला. इचारा त्यांना."

साहेब माझ्याकडे वळले. त्यांनी स्पष्ट सांगितलं: त्या दिवशी तिथं माणसं होती असं तुम्ही म्हणालात, तर मी आजच्या आज नोंद फिरवतो, गाव पुन्हा लावतो, लाकडंही परत करायला लावतो. तुम्ही सांगा, नदीवर कुणी होतं?

माझ्या एका शब्दावर होतं सगळं. बाबू तोवर नोकरी सोडून गावी गेला होता. त्याला बोलावून विचारा, असं म्हणू शकणारा तिथं मी एकटाच होतो. नोकरी गेली असती का? कदाचित. कदाचित नुसती बोलणी खाऊन सुटलो असतो. साहेबांच्या डोळ्यांतलं माझं कौतुक मात्र नक्की गेलं असतं.

मी म्हटलं, कुणी नव्हतं. मी बराच वेळ थांबलो, कुणीही दिसलं नाही, कुणी हाक मारली नाही.

पाटलांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, गचांडी धरली असती, तर मला त्यांचा राग तरी करता आला असता. ते साहेबांना म्हणाले, "मुन्शीजी न्हाई म्हणतेत तर न्हाई आसंल. आमच्या घरी जेवलेला मानूस हाय, खोटं कशाला बोलंल. आमीच दुसऱ्या कुनाला हाक मारली आसंल."

आणि हात जोडून गेले. पायऱ्या उतरताना त्यांना चप्पल सापडेना. एकाच जागी वाकून ते ती शोधत होते, चप्पल पायाशीच होती. मी खिडकीतून पाहत राहिलो. उठलो नाही.

रुईखेडीची माणसं दोन-तीन वर्षांत पांगली. काही मोठ्या गावाच्या कडेला मजुरीला राहिली, काही दिंद्रुडकडे गेली. गणोजी पाटील चकलांब्याला मुलीकडे राहायला गेले, आणि लेकीच्या सासरच्या दारात बसलेला बाप म्हणून तिथंच वारले असं कळलं. पुढे चकलांब्याकडे मोजणीचं काम निघालं तेव्हा मी आजारी असल्याचं कळवलं. आजारी नव्हतो.

हैदराबादच्या साहेबांचं लिखाण पुरं झालं. त्याला जोडायचा नकाशा मीच काढला, आणि रुईखेडीपाशी नदी सरकल्याची तुटक रेघही मीच ओढली. हात अजून बरा चालतो. पुढे कुणी या मुलखाचा अभ्यास करील, तो ती रेघ बघेल आणि म्हणेल, नदीनं गाव नेलं. त्याला तसं वाटायला काहीच अडचण येणार नाही.

म्हणून जे झालं ते इथं लिहून ठेवतो. गणोजी पाटील नदीच्या पलीकडच्या काठाशी पाण्यात उतरून उभे होते, धोतर गुडघ्यापर्यंत वर धरून. त्यांनी मला हाक मारली. मी ती ऐकली, त्यांना ओळखलं, आणि हो, हातही वर केला. मग तट्टू वळवलं.